न वाजलेले दोन फोन

३ तारीख, सोमवार

आज वाचनालयाच्या दारावरच्या रखवालदाराने आत फोन केला, “तपासनीस बाई आल्यात.” कोण आलंय ते बघायला मी मागे वळले. मागे कुणीच नव्हतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी मला नवी पदवी मिळाली, तीही रखवालदाराकडून. त्या आनंदात सहीच्या वहीत तारीख चुकवली.

पुढे कधी वाचलं तर आठवावं म्हणून सगळं लिहून ठेवते. एकोणीस वर्षं मी एका विमा कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर बसले. “एक मिनिट हं, जोडून देते” हे वाक्य मी झोपेतही म्हणायचे, असं नवरा सांगतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने इंटरनेटवर चालणारे फोन आणले. बोर्ड काढला आणि बोर्डाबरोबर मलाही काढलं. रागारागात मी त्याच फोनांचा अभ्यास करायला घेतला. आपली जागा घेणारी बाई दिसते तरी कशी, हे बघायला जावं ना, तसं. बघता बघता ती मला आवडायलाच लागली.

आता मी असले फोन तपासते. कुलूप नीट लागतंय का, खिडकी ढकलली तर उघडते का, हे बाहेरून करून बघायचं. मालकाची लेखी परवानगी घेऊन.

“म्हणजे काम चोराचंच, पण सांगून,” सासूबाई म्हणाल्या.

“हो, तसंच.”

“मग बरं आहे. सांगून करणारे कमीच असतात.”

हे वाचनालय माझं पहिलं काम. समितीने अहवाल स्वीकारला आणि शिफारसपत्र दिलं, तर पुढची दारं उघडतील. नाहीतर फरशांच्या दुकानात स्वागताला बसायची जागा आहेच. मालक भले आहेत, एकवीस तारखेपर्यंत थांबतो म्हणालेत. खुर्ची फिरती आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “तुला हवं ते कर.” मला काय हवंय ते मात्र त्यानेही सांगितलं नाही.

४ तारीख, मंगळवार

इमारत फिरून पाहिली. एकूण एक्केचाळीस फोन. प्रत्येकाजवळ जाऊन नंबर यादीशी जुळवला. मोठ्या बाई सोबत होत्या. मुख्य ग्रंथपालांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंची माझ्या खांद्याइतकी, पण त्या आल्या की वाचकसुद्धा पाठीचा कणा ताठ करतात. दर दहा मिनिटांनी त्यांचा एकच प्रश्न, “आणि हे कशाने कळतं?” माझ्यावर विश्वास दिसत नाही.

तळघरात बांधणी विभाग आहे. तिथे खिडकी नाही. खळीचा वास, लोखंडी दाबयंत्रं, आणि एकटे बाइंडरकाका. तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवतायत. त्यांच्या टेबलावर एक डबा होता, सुतळीने बांधलेला. हाच डबा सकाळी मी पहिल्या मजल्यावरच्या पेपरताईंच्या हातात पाहिला होता. त्या वर्तमानपत्रांचा विभाग सांभाळतात. सुतळीची गाठही त्यांचीच, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला मारतात तशी. खाली कामाला आल्या असतील आणि विसरल्या असतील, म्हणून वर जाताना मी तो नेऊन दिला. पेपरताईंनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं.” आभार वगैरे नाहीत. माणसं विचित्र असतात.

५ तारीख, बुधवार

हे लिहू की नको? लिहिते. इथे कोण वाचणार आहे?

फोनच्या सर्व्हरला काळ्या खिडकीतून प्रश्न विचारायचे दोन मार्ग असतात. या काळ्या खिडकीत चित्रं नाहीत, माउस नाही. नुसत्या आज्ञा टाइप करायच्या आणि उत्तरं वाचायची. पहिला मार्ग गुपचूप. अमक्या नंबरचं कुणी आहे का, एवढंच विचारायचं. दुसरा म्हणजे त्या नंबरला खरोखरच कॉल लावून बघायचा. घरी सरावासाठी मी तीन फोन बसवलेत, स्वयंपाकघरात १०१, सासूबाईंच्या खोलीत १०२, गच्चीत १०३. घरी मी दुसरा मार्ग वापरते. फोन वाजले की सासूबाईंना बरं वाटतं.

आज सकाळी अकरा वीसला, मुख्य वाचनकक्षात पन्नासेक माणसं माना खाली घालून वाचत असताना, मी काल रात्री घरी वापरलेली आज्ञा परत आणायला वरच्या बाणाची कळ दाबली. नंबर बदलले. मार्ग बदलायचा राहिला. एंटर.

अख्खं वाचनालय वाजलं.

एकाच क्षणी. तळमजला, पहिला मजला, बालविभाग, जिन्याखालचा फोन, लिफ्टमधला फोन. पन्नास माना एकदम वर. जिकडेतिकडे “हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?” आणि पलीकडे कुणीच नाही. लोकांनी ठेवला की पुन्हा वाजतोय, कारण मी घाबरून थांबवायच्या ऐवजी पुन्हा एंटर दाबलं. बालविभागात मुलांनी टाळ्या वाजवल्या. नकाशांच्या दालनातला एक म्हातारा वाचक मोठ्याने म्हणाला, “माझ्यासाठी असेल तर नाही म्हणून सांगा!”

मोठ्या बाई धावत आल्या. मी उभी राहिले आणि काय झालं ते एका दमात सांगून टाकलं. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी. एक शब्द न बोलता त्या परत गेल्या. माणूस इतका चिडलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

फिरती खुर्ची डोळ्यांपुढे गरागरा फिरली.

घरी सांगितलं. सासूबाई हसून हसून बसल्या जागी आडव्या झाल्या. “लिफ्टमधलासुद्धा?”

“लिफ्टमधलासुद्धा.”

“मग सगळे चालतात, हे तर कळलं!”

६ तारीख, गुरुवार

काम बंद करा म्हणून निरोप येईल असं वाटत होतं. आला नाही. मोठ्या बाई येऊन मागे उभ्या राहिल्या. “आज वाजवणार आहात का?” आवाज अगदी सपाट. मी म्हटलं, “नाही, अजिबात नाही.” “हं,” म्हणाल्या आणि गेल्या. टोमणाच तो. गिळला.

पण कालच्या घोळातून दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली म्हणजे सर्व्हरने मला ‘तू कोण?’ असं विचारलंच नाही. कुणीही बाहेरचा येऊन ही अख्खी इमारत वाजवू शकतो. अहवालातली पहिली त्रुटी, तीही प्रात्यक्षिकासह. दुसरी म्हणजे वाजले एकोणचाळीस. बारा आणि एकतीस वाजले नाहीत. दोन्ही ‘चालू कॉलवर’ होते.

नोंदी मागे जाऊन पाहिल्या. बारा नंबर पेपरताईंचा, एकतीस बाइंडरकाकांचा. हे दोन फोन रोज सकाळी दहा पाचला एकमेकांना जोडले जातात आणि संध्याकाळी पाचला तुटतात. मधे जेवणाचा अर्धा तास सोडून. इतका वेळ कुणी बोलत नाही. कॉल अडकून राहतोय. फोनाचा दोष.

७ तारीख, शुक्रवार

तळघरात गेले. काकांच्या फोनचा स्पीकरचा दिवा लागलेला होता. मी तो बंद केला.

“काका, हा आपोआप चालू होतो का?”

काका पुस्तकाच्या कण्यावर खळ लावत होते. ब्रश थांबला. “होतो बाई,” म्हणाले. “रोज होतो.”

“कळ अडकत असेल.”

“असेल.”

कपाटातला जादा फोन आणून बसवला. काकांनी चहा दिला. गरीब माणूस आहे, तक्रार म्हणून नाही.

१० तारीख, सोमवार

दहा पाचला पुन्हा चालू! म्हणजे दोष बाराकडे. पेपरताईंचाही फोन बदलला. त्या खिडकीशी बसतात, समोर चौक दिसतो. मी टेबलाखाली वायर तपासत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “सापडेल का हो तुम्हाला?”

“सापडल्याशिवाय सोडणार नाही.”

“आई गं,” त्या म्हणाल्या. कौतुकानेच म्हणाल्या असतील.

घरी आल्यावर पाहिलं तर सासूबाईंनी १०२ वरून १०१ ला सतरा वेळा फोन केलेत. विचारलं तर म्हणाल्या, “तुझी लाइन नीट चालते का, ते बघत होते.” स्वयंपाकघरात दिवसभर कुणीच नसतं. मग हे सतरा कॉल कुणाला? यांनाही नीट शिकवायला हवं.

११ तारीख, मंगळवार

एक्केचाळीसपैकी सव्वीस फोनांचा पासवर्ड म्हणजे त्यांचाच नंबर. बाराचा बारा, तेराचा तेरा. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगावी तसं. मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि माझ्या शेजारी बसल्या. “मी टाइप करू एक?” विचारलं. मला खोटं पाडायचं असणार. एकेक अक्षर शोधत त्यांनी आज्ञा लिहिली, एंटर दाबलं, आणि पडद्यावर दार उघडल्याचं उत्तर आलं. त्या म्हणाल्या, “अग्गोबाई.” मग भानावर येऊन, “हे गंभीर आहे.”

बारा आणि एकतीस अजून अडकलेलेच. आजची संशयित म्हणजे सर्व्हरची सेटिंग. एकोणीस वर्षांत इतकी चिवट लाइन पाहिली नाही. खरं सांगायचं तर मजा येतेय.

१३ तारीख, गुरुवार

मोठं सापडलं. वाचकांसाठी जे फुकट वाय-फाय आहे, ते आणि फोन एकाच जाळ्यावर आहेत. आणि फोनवरचं बोलणं उघडं जातं, पाकिटाशिवाय पत्र जावं तसं. वाचनकक्षात लॅपटॉप घेऊन बसलेला कुणीही थोडी खटपट केली, तर इथलं प्रत्येक बोलणं ऐकू शकतो.

मोठ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या उठल्या. मग दार लावलं.

“इथे लोक फोन करून काय विचारतात, माहीत आहे तुम्हाला? कुणी आजाराचं नाव सांगतं आणि त्यावरचं पुस्तक मागतं. कुणी नवऱ्याला सोडायचं कसं, यावर काही आहे का म्हणून विचारतं. कुजबुजत बोलतात. डॉक्टरला नाही सांगत, ते आम्हाला सांगतात. कारण आम्ही कुणाला सांगत नाही.” टेबलावरचा फोन त्यांनी दोन बोटांनी दूर सरकवला. “आणि हे उघडं जातंय?”

“हो.”

“समितीला सांगून पटणार नाही. कानांनी ऐकवावं लागेल. वीस तारखेला सभा आहे.”

वीस. फरशांना उत्तर द्यायचा दिवस एकवीस.

१७ तारीख, सोमवार

सभेत ऐकवायला नमुना हवा. पण कुणाचंही खरं बोलणं चोरून ऐकायचं नाही, हा माझा नियम. बोर्डवर असताना मला पहिल्या दिवशी शिकवलेलं, हॅलोला हॅलो मिळालं की कान काढायचा. एकोणीस वर्षं मी तो पाळला. लोकांची लग्नं ठरली, मोडली, माझ्या हातातल्या तारांमधून गेली. मला त्यातलं काहीही माहीत नाही. याचा मला अभिमान आहे.

मग सुचलं! बारा–एकतीस! अडकून राहिलेली, रिकामी लाइन. तिच्यावर नुसती शांतता असणार, फार तर दाबयंत्राचा आवाज. तेवढा समितीला पुरे. कुणाचं खाजगीपणही जाणार नाही. माझी मीच पाठ थोपटली.

१८ तारीख, मंगळवार

दहा मिनिटं टिपली. दुपारी हेडफोन लावून ऐकायला बसले.

खळीच्या ब्रशाचा आवाज. कागद उलटल्याचा आवाज. बराच वेळ काहीच नाही. मग पेपरताई म्हणाल्या, “निळी सायकल आली.”

काका म्हणाले, “आज उशीर.”

“मागच्या टोपलीत कुत्रं आहे.”

“आणि ऊन?”

“समोरच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत आलंय. आता दारावर येईल.”

पुन्हा ब्रश. पुन्हा कागद. मग काका गुणगुणायला लागले, आणि ताईंनी मधेच दुरुस्त केलं, “ती ओळ आधी नाही, नंतर.”

मी हेडफोन काढला. तळघराला खिडकी नाही. पेपरताई आपली खिडकी रोज दहा पाचला खाली पाठवतात. आणि मी दोन फोन, तीन वायरी आणि अर्धा सर्व्हर बदलून तिच्या मागे लागले होते. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन!

तो डबा आठवला. तोंड लपवावंसं वाटलं.

टिपलेलं सगळं पुसून टाकलं. दोनदा.

१९ तारीख, बुधवार

सकाळी तळघरात गेले. “काका, तुमचा फोन खराब नाहीये.”

“मी कधी म्हटलं खराब आहे? तुम्हीच म्हणत होतात.”

मी म्हटलं, मी ऐकलं. चुकून ऐकलं, पण ऐकलं, आणि पुसून टाकलं. माफी मागितली. काकांचे कान लाल झाले. बराच वेळ ते एका पानाची कड बोटाने सरळ करत राहिले.

“लग्नबिग्न काही नाही हो आमचं,” ते म्हणाले. “या वयात कुठे! नुसतं चालू ठेवतो. सात वर्षं झाली. पहिल्यांदा त्यांनी फोन केला तो जुन्या अंकांच्या बांधणीबद्दल विचारायला. बोलणं संपलं, पण ठेवायचं कुणी, ते ठरलंच नाही.” मग हळूच, “आता अहवालात येणार का?”

“मला माहीत नाही काका.” खरंच माहीत नव्हतं. दोन फोन दिवसभर जोडलेले आहेत, हे मी लपवलं तर माझ्या तपासणीला काय अर्थ? लिहिलं तर उद्या समितीत कुणीतरी हसेल, आणि परवापासून तळघर पुन्हा बिनखिडकीचं.

आणि उद्याचा नमुनाही गेला. बोलायला कुणीतरी स्वतःहून तयार हवं, ऐकलं जाणार हे माहीत असलेलं. नवरा कामावर. घरी येऊन सासूबाईंना विचारलं. “आई, उद्या माझ्याबरोबर येता का? मोठ्या बाईंशी फोनवर चार वाक्यं बोलायची. हवापाणी, काहीही. वरच्या खोलीत मी ते समितीला ऐकवणार आहे.”

“सगळे ऐकणार?”

“सगळे.”

“बरं,” म्हणाल्या, आणि ठेवणीतली शाल काढायला गेल्या.

२० तारीख, गुरुवार

सासूबाई वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसते ओठ हलत होते. बिचाऱ्या घाबरल्या होत्या.

त्यांना बालविभागातल्या छोट्या खुर्चीवर बसवलं, फोन हातात दिला. मोठ्या बाई त्यांच्या खोलीत. वर सभेत समितीचे पाच जण. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य. समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या दातांकडे बघतात. त्यांनी सुरुवातच केली, “फोन तर छान चालतात. त्या दिवशी जरा जास्तच चालले.” सगळे हसले. मी आज्ञा दिली आणि लॅपटॉपचा आवाज वाढवला.

सासूबाईंचा आवाज खोलीभर झाला.

“हॅलो, मी तपासनीस बाईंची सासू. तिला सांगू नका हं, तोंडावर कौतुक केलं की शेफारते. कंपनीने काढलं त्या दिवशी ही घरी आली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच. मी दारात उभी होते, पण मला काय बोलावं ते सुचलंच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती करते ते मला काही कळत नाही. पण त्या काळ्या खिडकीसमोर बसली की गुणगुणते. बोर्डवर होती तेव्हा एवढ्या वर्षांत कधी गुणगुणताना ऐकली नव्हती. तुम्ही तिला नाही म्हणालात तर ती फरशा विकायला बसेल. फरशा कुणीही विकेल हो.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “मी कशाला नाही म्हणेन? बावीस वर्षांत या इमारतीत इतकी मजा आली नव्हती. फोन वाजले त्या दिवशी रुमाल तोंडात कोंबून मी माझ्या खोलीत जाऊन हसले.”

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण मिटला नाही. अध्यक्ष घसा खाकरत होते. खजिनदार बाई चष्मा पुसत होत्या.

“हे वाचनकक्षातून कुणालाही ऐकू येऊ शकतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“कुणालाही.”

“बंद करा हो ते. घरातलं बोलणं आहे!” मग त्यांनाच उमगलं आपण काय म्हणालो ते. त्यांनी उरलेल्यांकडे पाहिलं. अहवाल स्वीकारायचा आणि मला शिफारसपत्र द्यायचं, असा ठराव तीन मिनिटांत झाला.

मग अहवालाचं शेवटचं पान. रात्रभर—नाही, खोटं कशाला लिहू, सकाळी चहा पिता पिता मी ते वाक्य लिहिलं होतं: ‘एक्स्टेंशन बारा आणि एकतीस यांच्यात कामाच्या वेळेत सतत जोडणी असते. दोष नाही. इमारतीतली सर्वाधिक वापरातली लाइन असल्याने तिला संरक्षण सर्वांत आधी द्यावे.’

मोठ्या बाई तोवर वर आल्या होत्या. त्यांनी ते वाचलं. “दोष नाही?”

“नाही. तपासलंय.”

“खूप तपासलंत, ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या आणि सही केली. मग कागद देताना, फक्त मला ऐकू येईल असं, “सात वर्षं मी तळघरात खाली जाताना मुद्दाम जिन्यात खोकते.”

खाली आले तर सासूबाई मुलांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होत्या. मी म्हटलं, “आई, अहो, ते सगळं सगळ्यांनी ऐकलं.”

“अगं बाई! हो का?” त्यांनी शाल सावरली. “विसरलेच मी.”

वय झालंय त्यांचं. काल तर सांगितलं होतं.

२१ तारीख, शुक्रवार

फरशांच्या मालकांना नाही म्हणून कळवलं. ते म्हणाले, “खुर्ची बघून तरी जायची होती.” मग म्हणाले, त्यांच्या दुकानातही असलेच फोन आहेत. कधी येताय तपासायला?

दुसरं काम मिळालं! त्यांच्याच खुर्चीवर बसून करीन.

आणखी एक. आज घरून निघताना १०१ उचलला आणि १०२ ला लावला. सासूबाईंनी उचलला. “काय गं?” मी म्हटलं, “काही नाही, लाइन बघतेय.” मग स्पीकर चालू ठेवूनच डबा भरला. त्या तिकडे गच्चीतल्या कुंड्यांबद्दल सांगत होत्या. निघताना ठेवायचं कुणी, ते ठरलं नाही. उशीर झाला.

२८ तारीख, शुक्रवार

फोनांचं जाळं वाय-फायपासून वेगळं झालं, नवे पासवर्ड पडले. मोठ्या बाईंनी त्यातले अकरा स्वतः टाइप केले. आणि सगळं बोलणं आता बंद पाकिटातून जातं. बारा आणि एकतीस सर्वांत आधी.

शेवटची चाचणी बाकी होती. काकांनी स्वतःच आव्हान दिलं. “आता ऐकून दाखवा बघू! आम्ही दोघं तयार आहोत.” वर पेपरताईंनीही मान हलवली. त्या डबा बांधत होत्या. सुतळीची तीच गाठ, पण एकावर एक दोन डबे.

मी त्यांच्या विभागाशेजारच्या वाचनकक्षात वाचकांमध्ये जाऊन बसले. वाचकांच्या वाय-फायवरून काहीच हाती लागत नव्हतं. मग चाचणीपुरती सर्व्हरवरूनच त्या लाइनची प्रत घेतली, हेडफोन लावला. समोर काचेपलीकडे पेपरताई खिडकीशी बसल्या होत्या. दहा पाच झाले. त्यांनी कळ दाबली, काही बोलल्या, बाहेर चौकाकडे बोट दाखवलं. जणू तळघरातून बोट दिसणार होतं. काहीतरी गमतीचं असावं, कारण बोलता बोलता त्यांना हसू आवरेना.

माझ्या कानात नुसती खरखर. वाळू चाळावी तशी. एक शब्द नाही, एक श्वास नाही. आवाज वाढवला, खरखर वाढली. निळी सायकल आली की नाही, कुत्रं टोपलीत होतं की नाही, मला कधीच कळणार नाही.

शेजारचा वाचक माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

काचेपलीकडे ताई थांबून ऐकत होत्या. उत्तर आलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली. हॅलोला हॅलो मिळालं होतं. मी कान काढला.